ताळेबंदामागचा माणूस : व्यवस्थापकांची कुवत, सचोटी आणि कंपन्यांचे आकडे

खतावणी (धागालेखिका)

तिमाही निकाल लागले की पेपरात नफ्याचा आकडा मोठ्या टायपात छापून येतो आणि शेअर चढला-पडला याची चर्चा सुरू होते. तो आकडा तयार कसा होतो यावर मात्र मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. मी सीए आहे, प्रॅक्टिस करत नाही, नोकरी सगळी कंपन्यांच्या हिशेब विभागात झाली. तेव्हा थोडं आतल्या बाजूने लिहिते.

नफ्यातला बराच भाग अंदाजाचा असतो. ग्राहकांकडून १०० कोटींचं येणं आहे, त्यातले किती बुडतील? यंत्र दहा वर्षं चालेल की पंधरा? विकलेल्या मालाच्या वॉरंटीपोटी पुढच्या वर्षी किती खर्च येईल? पुलाचं काम मार्चअखेर चाळीस टक्के झालं की पंचावन्न? ग्रॅच्युइटीसाठी आज किती बाजूला काढायचे? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कुठल्या पावतीवर लिहिलेलं नसतं. कोणीतरी बसून ते ठरवतं आणि त्यानुसार नफा वर किंवा खाली जातो. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना इंड-एएस ही हिशेबाची नवी मानकं लागू झाली, तेव्हापासून अंदाजांचा वाटा आणखी वाढला. उधारी बुडेपर्यंत थांबायची सोय राहिली नाही, बुडण्याची शक्यता धरून तरतूद आधीच करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढावी लागते.

म्हणून ताळेबंद हातात घेतला की मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हे अंदाज करणाऱ्याला स्वतःचा धंदा कळतो का? आणि जे कळलंय ते तो खरं सांगतो का?

पहिल्या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. डेमर्जियन, लेव्ह, लुईस आणि मॅकव्हे या चौघांचा निबंध अमेरिकेच्या ‘अकाउंटिंग रिव्ह्यू’मध्ये २०१३ साली आला. त्यांनी ‘कुवत’ मोजायची रीत अशी काढली : हाताशी असलेलं भांडवल, यंत्रं, माल, खर्च यांतून कंपनीने किती विक्री काढली ते पाहायचं, त्यातून कंपनीच्या आकारमानामुळे, बाजारातल्या वजनामुळे मिळालेला फायदा वजा करायचा, उरलेलं श्रेय व्यवस्थापकांचं. असे कुवतीचे व्यवस्थापक जिथे होते तिथे जुने निकाल मागाहून दुरुस्त करायची वेळ कमी आली, नफा पुढच्या वर्षीही टिकला आणि बुडीत येण्यांचे अंदाज कमी चुकले. ऐकायला साधं वाटतं. पण हिशेब विभागात बसलेल्याला ते पटकन पटतं, कारण येणं बुडेल का हे अकाउंटंटला कळत नाही, ते विक्रीवाल्याला कळतं, आणि विक्रीवाला कुवतीचा नसेल तर आम्ही कितीही मानकं पाठ केली तरी तरतुदीचा आकडा चुकतोच.

गाठ पडते ती दुसऱ्या प्रश्नापाशी. ज्याला धंदा नीट कळतो त्याला अंदाज कुठे, किती आणि कोणाच्या लक्षात न येता वाकवता येईल हेही नीट कळतं. ग्रॅहम, हार्वे आणि राजगोपाल यांनी अमेरिकेतल्या ४०१ वित्त अधिकाऱ्यांना प्रश्न विचारून २००५ साली निष्कर्ष छापले. नफा दर तिमाहीला एकसारखा, गुळगुळीत दिसावा म्हणून कंपनीच्या मूल्यावर थोडंफार पाणी सोडायची तयारी ७८ टक्क्यांनी दाखवली. ही माणसं गुन्हेगार नव्हती. निकालाच्या दिवशी विश्लेषकांच्या अपेक्षेपेक्षा एक पैसा कमी नको, इतकंच त्यांना हवं होतं.

माझं मत असं की कुवत आणि सचोटी यांची बेरीज होत नाही. सचोटी कमी पडली तर कुवतीने ती भरून निघत नाही, उलट नुकसान मोठं होतं आणि उघडकीला उशिरा येतं. मतभेद असतील तर जरूर लिहा.

सातारी तर्री

पहिला प्रतिसाद माझा! ताई, छान लिहिलंय, पण एक शंका. असा विषय निघाला की सगळे सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या घोटाळ्याकडे वळतात, तुम्हीही वळाल असं वाटतंय. तिथे तर बँकेतली रोख रक्कमच खोटी होती. रोख हा काही अंदाज नव्हे. पैसे आहेत किंवा नाहीत. मग तुमच्या अंदाजाच्या सिद्धांतात सत्यम कसं बसवणार?

खतावणी

@सातारी तर्री, वळणारच होते, बरं झालं तुम्हीच विषय काढलात.

७ जानेवारी २००९. सत्यमचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला कबुलीचं पत्र लिहिलं, प्रत सेबीला (शेअरबाजाराची नियामक संस्था) आणि शेअरबाजारांना. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यावर जमा झालेलं म्हणून दाखवलेलं ३७६ कोटींचं व्याज नव्हतं. १,२३० कोटींचं देणं दाखवलंच नव्हतं. येणी ४९० कोटींनी फुगवलेली. त्या एका तिमाहीत विक्री २,७०० कोटी आणि नफ्याचं प्रमाण २४ टक्के जाहीर झालं होतं. पत्राप्रमाणे खरी विक्री २,११२ कोटी आणि प्रमाण जेमतेम ३ टक्के.

आता रोखच का खोटी? दुहेरी नोंदीत (प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायच्या रीतीत) खोटा नफा हवेत ठेवता येत नाही, ताळेबंदात त्याला कुठेतरी जागा द्यावी लागते. खोटं बिल फाडलं की ते आधी येण्यांत बसतं. पण येणं वर्षभर वसूल झालं नाही की ऑडिटर विचारतो, विश्लेषक विचारतात, तरतूद करा म्हणतात. मग ते ‘वसूल’ करावं लागतं, म्हणजे येण्यांतून काढून बँक खात्यात टाकावं लागतं. चालू खात्यात एवढी मोठी रक्कम पडून का, असा प्रश्न येऊ नये म्हणून तिची मुदत ठेव दाखवायची. मुदत ठेव दाखवली की व्याज दाखवणं आलं. व्याज दाखवलं की त्यावर कर. खोट्या नफ्यावर खरा कर भरायची वेळ येते ती अशी.

तपासात ७,५६१ खोटी बिलं निघाली. संगणक प्रणालीत ती बाकीच्यांना दिसू नयेत अशी सोय करून ठेवलेली होती. एवढं सगळं वर्षानुवर्षं, तिमाहीमागून तिमाही, कुठेही टोटल न चुकता चालवायला केवढी कुवत लागते पाहा. राजूंनीच लिहिलंय की सुरुवातीला फरक किरकोळ होता, मग वाढत गेला. तो किरकोळ फरक असतो तेव्हा तो अंदाजांत लपतो. अंदाजांत मावेनासा झाला की कागदपत्रं बनवावी लागतात. सत्यम माझ्या म्हणण्यात बसतं ते असं, शेवटच्या टप्प्यावर.

माजी शाखाधिकारी

मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, नाव सांगत नाही. कंपनीच्या शिल्लक रकमेची खातरजमा ऑडिटर कशी करतात ते इथल्या अनेकांना माहीत नसेल म्हणून लिहितो. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र येतं : अमुक तारखेला आमच्या सर्व खात्यांत, मुदत ठेवींत, कर्जांत किती शिल्लक होती ते आमच्या ऑडिटरना परस्पर कळवावे. ‘परस्पर’ हा त्यातला जीव. शाखेने उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवायचं असतं. पण मार्चअखेरची धांदल, शाखेत माणसं कमी, मग कंपनीचा माणूस काउंटरवर येऊन म्हणतो, ‘साहेब, मीच घेऊन जातो, तुम्हाला टपालाचा त्रास नको.’ चांगला ओळखीचा माणूस असतो. अनेक ठिकाणी पत्र त्याच्या हातात दिलं जातं. तिथेच सगळी तपासणी संपते.

सत्यमच्या बाबतीत अमेरिकेच्या एसईसीने (तिथली सेबी म्हणा) आणि तिथल्या ऑडिट नियामकाने एप्रिल २०११ मध्ये सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्म्सना दंड केला, एकूण ७५ लाख डॉलर. ठपका हाच होता. अवघड काही शोधायचं राहिलं असं नव्हतं, बँकेकडून स्वतंत्रपणे शिल्लक पडताळण्याची प्राथमिक गोष्ट झाली नव्हती.

शंकेखोर

माझा मूळ सिद्धांतालाच आक्षेप आहे. कुवत निदान मोजता येते, विक्री किती, खर्च किती. सचोटी मोजायची कशाने? राजूंची सचोटी २००८ च्या डिसेंबरपर्यंत कोणाला संशयास्पद वाटत होती? कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी, म्हणजे चोख कारभारासाठी, ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार त्याच वर्षी मिळाला होता. संचालक मंडळावर कोण होते? हार्वर्डचे कृष्णा पालेपू, ज्यांचा विषयच आर्थिक पत्रकांचं विश्लेषण आणि गव्हर्नन्स. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन. माजी कॅबिनेट सचिव. संगणकाच्या पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम. एवढ्यांना कळलं नाही ते तुम्हाआम्हाला वार्षिक अहवाल वाचून कळणार?

शिवाय ते ३ टक्के प्रमाणही राजूंच्याच पत्रातलं. ज्याने सात हजार बिलं खोटी बनवली त्याचं कबुलीपत्र आपण वेदवाक्य मानायचं? धंदा खरोखर इतका तोट्याजवळ होता की पैसे दुसरीकडे वळवले गेले, यावर तेव्हाही वाद झाला होता.

म्हणजे ‘सचोटी’ हे गुन्हा सापडल्यावर लावायचं लेबल आहे. आधी सगळेच सचोटीचे.

खतावणी

@शंकेखोर, पत्राबद्दल सहमत, म्हणूनच ‘पत्राप्रमाणे’ असं लिहिलं. सेबीने पुढे २०१४ मध्ये राजूंना १४ वर्षं बाजारबंदी घातली आणि बेकायदा लाभापोटी शेकडो कोटी परत करायला सांगितले, २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा पत्रापलीकडेही बरंच काही सिद्ध झालंय.

पण आधी कोणालाच संशय नव्हता हे पटत नाही. १६ डिसेंबर २००८ ला संचालक मंडळाने मेटासच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअर कंपनी बांधकाम आणि पायाभूत सुविधांच्या कंपन्या घेते आणि त्या प्रवर्तकाच्याच कुटुंबाच्या. त्या पुरस्कारप्राप्त, विद्वान मंडळाने तो मंजूर केला! आणि तो थांबवला कोणी? गुंतवणूकदारांनी. न्यूयॉर्कमध्ये शेअर कोसळला आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. पुढे पत्रातच लिहिलं होतं की खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणायचा तो शेवटचा प्रयत्न होता. बाजाराला ५,०४० कोटींचं ठाऊक नव्हतं, पण स्वतःच्या घरच्यांकडून स्वतःच्या कंपनीला माल विकायला काढणारा माणूस कसा असेल हे बरोबर कळलं.

वेळणेश्वरी

सगळे हैदराबादेत अडकलेत म्हणून कोकणात आणतो. एन्रॉन.

अमेरिकेतली ऊर्जा कंपनी, पण आमच्याकडे एन्रॉन म्हणजे दाभोळचा वीज प्रकल्प. (दाभोळ खाडीच्या पलीकडे, प्रकल्प खरा अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरला. पण नाव दाभोळचं झालं ते झालंच.) आंदोलनं, १९९५ साली युती सरकारने करार रद्द करणं, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ ला पहिला टप्पा सुरू, २००१ मध्ये वीज मंडळाने महाग म्हणून वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद. त्याच वर्षी २ डिसेंबरला तिकडे ह्युस्टनमध्ये एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक अजूनही समजतात की दाभोळमुळे एन्रॉन बुडाली. दाभोळने जखम केली असेल, पण मेली ती हिशेबामुळे.

आणि धाग्याचा विषय कुवत असेल तर याहून झणझणीत उदाहरण नाही. एन्रॉनचा सीईओ जेफ स्किलिंग हार्वर्डचा एमबीए, मॅकिन्झीतला हुशार माणूस. ‘फॉर्च्युन’ने एन्रॉनला लागोपाठ सहा वर्षं अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी ठरवलं. सीएफओ (वित्तप्रमुख) अँड्र्यू फास्टो याला १९९९ मध्ये सीएफओंच्या मासिकाचा पुरस्कार मिळाला, भांडवल उभारणीतल्या कौशल्यासाठी. ते कौशल्य म्हणजे कर्ज ताळेबंदाबाहेरच्या कंपन्यांत ढकलणं, ज्यांतल्या काही तो स्वतःच चालवत होता.

खतावणीताई, तुमचा अंदाजाचा मुद्दा इथे अस्सल बसतो. १९९२ मध्ये अमेरिकी नियामकाने एन्रॉनला गॅसच्या व्यवहारांसाठी मार्क-टू-मार्केट पद्धत वापरू दिली. म्हणजे वीस वर्षांचा करार आज सही झाला की त्यातून पुढे होईल असं वाटणारा सगळा नफा आजच दाखवायचा. पुढच्या वीस वर्षांत गॅसचा भाव काय असेल? ते एन्रॉननेच ठरवायचं! ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या कंपनीबरोबर २००० साली करार केला, घरोघरी सिनेमे पोचवायचा. धंदा उभा राहायच्या आधीच ११ कोटी डॉलरहून जास्त नफा पुस्तकांत आला. काही महिन्यांत करार मोडला. कोकणात म्हणतात तसं बाजारात तुरी!

सातारी तर्री

@वेळणेश्वरी, बाजारात तुरी सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात हो, कोकणाची मक्तेदारी नाही. 😄 बाकी प्रतिसाद एक नंबर.

न्यूजर्सीकर

एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीच्या घोटाळ्यांनंतर इकडे जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. सीईओ आणि सीएफओने आर्थिक पत्रकांवर व्यक्तिशः प्रमाणपत्र द्यायचं, जाणूनबुजून खोटं दिलं तर २० वर्षांपर्यंत तुरुंगवास. मी इकडे एका कंपनीत फायनान्समध्ये आहे. प्रत्यक्षात काय होतं सांगतो. सीएफओ सही करायच्या आधी खालच्या प्रत्येकाकडून सही घेतो. माझ्या विभागातल्या सगळ्या तरतुदी मी तपासल्या, मला माहीत असलेली कोणतीही गोष्ट दडवलेली नाही, असं मी दर तिमाहीला लिहून देतो. माझ्या खालचे मला देतात. गमतीचा भाग असा की सुरुवातीला सगळे कुरकुरले, पण ‘हे अंक जरा बघून घे’ असं तोंडी सांगणं कमी झालं. कारण उद्या कोणी विचारलं तर माझी सही आहे, त्याची नाही.

@शंकेखोर, सचोटी माणसाच्या पोटात शिरून मोजता येत नाही हे खरं. पण डेव्हिडसन, डे आणि स्मिथ या तिघांनी २०१५ मध्ये एक वेगळी वाट धरली. सीईओंची कामाबाहेरची वागणूक पाहिली : वाहतुकीचे नियम मोडण्यापासून पुढे कायद्याशी आलेले संबंध, आणि राहणीतली उधळपट्टी. ज्यांच्या नावावर कायदेभंगाच्या नोंदी होत्या ते स्वतः अफरातफरीत सापडण्याची शक्यता जास्त निघाली. उधळ्या सीईओंचं प्रकरण जास्त रंजक आहे. ते स्वतः घोटाळ्यात असतीलच असं नव्हे, पण त्यांच्या कारकिर्दीत कंपनीतली शिस्त सैल होत गेली आणि खालचे लोक घोटाळ्यांत सापडण्याची शक्यता वाढली.

शंकेखोर

म्हणजे सिग्नल तोडणाऱ्याच्या कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत? पुण्यात एकही शेअर विकला जाणार नाही मग.

गंमत सोडा. सार्बेन्स-ऑक्सलीची प्रमाणपत्रं सत्यमचे अधिकारीही देत होते. कंपनी २००१ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली होती. आपल्याकडेही क्लॉज ४९ (शेअरबाजाराच्या नोंदणी करारातलं कारभाराविषयीचं कलम) खाली सीईओ-सीएफओंची सही लागत होती. काय फरक पडला?

न्यूजर्सीकर

@शंकेखोर, वरचा खोटं बोलायचंच ठरवून बसला असेल तर सहीने काही अडत नाही, मान्य. सहीचा उपयोग मधल्या फळीला होतो, ज्यांना खोटं बोलायचं नसतं पण ‘नाही’ म्हणायला आधार लागतो.

वर्कशॉपवाला

मधल्या फळीवरून लिहावंसं वाटलं. मी अकाउंट्सवाला नाही, उत्पादनात होतो. औद्योगिक वसाहतीतली बऱ्यापैकी मोठी कंपनी, नाव विचारू नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे दिवाळी असायची. वितरकांना फोन, ‘माल घेऊन ठेवा, पैसे जूनमध्ये द्या, नाही खपला तर बघू.’ ३१ मार्चच्या रात्री गेटमधून ट्रक बाहेर पडायचे आणि पुढच्या वळणावर ट्रान्सपोर्टच्या गोदामात रिकामे व्हायचे. बिल झालं, विक्री झाली. एप्रिलमध्ये त्यातला बराच माल ‘परत’. सगळ्यांना माहीत. प्लँट मॅनेजर अत्यंत सज्जन माणूस, कधी एक रुपया खाल्ला नाही. पण हेड ऑफिसने आकडा दिला की तो आकडा झालाच पाहिजे, यात त्याला गैर वाटायचं नाही. त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, मी कुठे खोटं बोललो, माल गेलाच की गेटबाहेर.

मग एक नवे विक्रीप्रमुख आले. त्यांनी पहिल्याच वर्षी वितरकांकडे किती माल पडून आहे याची यादी मागवली आणि मार्चमधला पुरवठा बंद केला. त्या वर्षी विक्री घसरली, बोनस गेला, आम्ही त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. दोन वर्षांनी कंपनीची येणी वेळेवर यायला लागली. आता ते कुवतीचे म्हणून की सचोटीचे म्हणून, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं त्यांना खपाचा खरा अंदाज होता, म्हणून खोट्या विक्रीची गरज पडली नाही.

खतावणी

@वर्कशॉपवाला, धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद. शेवटचं वाक्य मी माझ्या मूळ लेखात घालायला हवं होतं. खोटं बोलण्याची गरज बऱ्याचदा कुवत कमी पडल्यावरच निर्माण होते, हा भाग मी लिहिलाच नाही.

नियमाप्रमाणे तुमचा तो ३१ मार्चचा माल विक्री धरताच येत नाही, कारण परत घ्यायची तोंडी हमी दिलेली होती. पण तोंडी हमी ऑडिटरला दिसणार कशी? प्लँट मॅनेजरने सांगितली तरच.

लोकल साडेसातची

मुंबईकरांसाठी अजून एक, पीएमसी ही सहकारी बँक. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्याआधीच्या वार्षिक अहवालात ढोबळ अनुत्पादित (थकलेली) कर्जं ३.७६ टक्के. सहकारी बँकेसाठी अगदी देखणा आकडा. प्रत्यक्षात एकूण ८,८८० कोटींच्या आसपास कर्जांतली साडेसहा हजार कोटींहून जास्त, म्हणजे जवळपास ७३ टक्के, एकट्या एचडीआयएल या बिल्डर गटाकडे. ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती उभी केल्याचं तपासात पुढे आलं. हे शेवटी आतल्याच लोकांनी रिझर्व्ह बँकेला सांगितलं.

इथे कर्ज बुडेल का हा अंदाजाचा भाग नव्हताच. हप्ता नव्वद दिवस आला नाही की कर्ज अनुत्पादित, नियम सरळ आहे. तरीही खाती ‘चांगली’ दाखवता आली, कारण कोणाचं कर्ज कोणाच्या नावावर हेच बदललं. नियम कितीही काटेकोर करा, नोंद करणारा हात कोणाचा हा प्रश्न उरतोच.

माजी शाखाधिकारी

@लोकल साडेसातची, एवढी खाती एका माणसाच्या हातून होत नाहीत. आमच्या वेळी एक सोपा उपाय होता, सक्तीची रजा. महत्त्वाच्या खुर्चीवरच्या माणसाने वर्षातून सलग काही दिवस रजेवर जायचंच, त्या काळात दुसरा बसतो, आणि ज्याला ‘मी नसलो तर काम अडेल’ असं वाटतं त्याच्याकडे आधी बघायचं. कागदावर आजही आहे. पाळतात किती ते बघा.

खतावणी

काकांच्या प्रतिसादाला +१. २०२३ च्या एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कोणी कधी बदलली याचा माग ठेवणं बंधनकारक आहे, तो बंद करता येत नाही. ही चांगली गोष्ट झाली. नोंद मागच्या तारखेने घुसवणाऱ्याला आता किमान विचार करावा लागतो.

शंकेखोर

हे सगळं आतल्या लोकांसाठी. माझ्यासारख्या बाहेरच्याने काय करायचं? पुन्हा पहिला आक्षेप, आम्हाला सचोटी दिसत नाही.

खतावणी

माणूस दिसत नाही, पण त्याने केलेल्या निवडी दिसतात. मी जे बघते ते सांगते, क्रमाने नाही, आठवेल तसं.

नफा आणि धंद्यातून आलेली रोख यांची तीन-चार वर्षांची बेरीज शेजारी ठेवते. नफा वाढतोय आणि रोख येत नाही असं सलग दिसलं की येण्यांची टीप उघडते, सहा महिन्यांवरची किती आहेत ते बघते. सत्यमला ही चाचणी लागू पडली नसती, तिथे रोखच खोटी होती. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा होता : एवढे हजारो कोटी बँकेत असताना ते ना धंद्यात वापरले जात, ना भागधारकांना दिले जात, असं का? प्रवर्तकाचे शेअर गहाण आहेत का, हे तर आता दर तिमाहीला एक्स्चेंजच्या साइटवर फुकट मिळतं. राजूंचे गहाण होते, आणि ते सावकारांनी विकल्यावरच डाव संपत आला.

संबंधित पक्षांशी व्यवहारांची टीप मी नफ्यातोट्याच्या आधी वाचते. ऑडिटरने मुदत संपायच्या आत राजीनामा दिला तर ‘कामाचा व्याप’ हे कारण मी मानत नाही. सेबीनेही २०१९ मध्ये याबाबत नियम कडक केले. सीएफओ वरचेवर बदलत असतील तर जो गेला तो कुठे गेला ते बघते. चांगल्या जागी गेला असेल तर ठीक, घरी बसला असेल तर अहवाल पुन्हा वाचते.

आणि मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट : जुन्या अहवालात दिलेले अंदाज काढून आज ते किती खरे ठरले ते बघायचं. तीन वर्षांपूर्वी येण्यांवर किती तरतूद केली, खरोखर किती बुडाली? सगळ्यांचेच अंदाज चुकतात. पण दर वर्षी एकाच बाजूला, नफा वाढेल अशाच बाजूला चुकत असतील, तर मी त्या कंपनीपासून लांब राहते. कुवत कमी असलेल्याचे अंदाज दोन्ही बाजूंना चुकतात. सचोटी कमी असलेल्याचे एकाच बाजूला. माझ्या अनुभवात ही फूटपट्टी क्वचितच फसली आहे.

शंकेखोर

हे शेवटचं आवडलं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, कारण अतिआशावादी पण प्रामाणिक माणूसही एकाच बाजूला चुकतो. स्टार्टअपवाले सगळे घ्या की. पण बाहेरून करून बघता येण्यासारखं काहीतरी मिळालं.

वेळणेश्वरी

अतिआशावादी प्रामाणिक माणूस दोनदा चुकला की तिसऱ्या वर्षी सावध होतो हो. तिसऱ्यांदाही त्याच बाजूला चुकला तर आशावाद कुठला?

बीकॉम तिसरं वर्ष

सगळे प्रतिसाद वाचले, कॉलेजात यातलं निम्मंही शिकवत नाहीत. मला एक विचारायचंय. ऑडिटचं नवं पाठ्यपुस्तक वाचतोय, त्यात ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’ असं एक प्रकरण आहे. त्या अहवालात असतात कुठे आणि त्यातून हे अंदाजाचं प्रकरण कळतं का? आणि सत्यमच्या ऑडिटरचं शेवटी काय झालं?

खतावणी

@बीकॉम, नोंदणीकृत कंपन्यांच्या ऑडिट अहवालात त्या २०१८-१९ पासून यायला लागल्या. ऑडिटरच्या अहवालात मताच्या परिच्छेदानंतर लगेच चौकट असते. यंदा आम्हाला कुठल्या गोष्टी सर्वांत जास्त तपासाव्या लागल्या ते तिथे लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते अंदाजच असतात : येण्यांवरची तरतूद, प्रकल्प किती पूर्ण झाला, विकत घेतलेल्या कंपनीची किंमत घटली का. म्हणजे कुठला आकडा मऊ आहे हे ऑडिटर स्वतःच दाखवून देतो. चौकट दर वर्षी शब्दशः तीच असेल तर ऑडिटरबद्दलही थोडं कळतं. एकाच कंपनीचे तीन वर्षांचे अहवाल एक्स्चेंजच्या साइटवरून उतरवून फक्त ती चौकट लागोपाठ वाच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : सेबीने जानेवारी २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या फर्म्सना नोंदणीकृत कंपन्यांचं ऑडिट करायला दोन वर्षं बंदी घातली. सप्टेंबर २०१९ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ती रद्द केली, ऑडिट फर्मवर अशी बंदी घालायचा अधिकार सेबीचा नाही म्हणून. ऑडिटरवर लक्ष ठेवायला एनएफआरए हा वेगळा नियामक २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला आहे. त्याचे आदेश त्याच्या साइटवर खुले असतात, ऑडिटरने काय विचारायचं राहिलं ते त्यात मुद्देसूद लिहिलेलं असतं. परीक्षेला उपयोगी नाहीत, पण वाच.

सातारी तर्री

वाचनखूण साठवली आहे. ताई, आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना कर्ज देणाऱ्या कंपनीवर वेगळा धागा काढा. डोक्यावर ९१ हजार कोटींचं कर्ज आणि हप्ते चुकायच्या काही आठवडे आधीपर्यंत रेटिंग ट्रिपल ए, म्हणजे सर्वांत सुरक्षित, तिथे कुवत कोणाची आणि सचोटी कोणाची कमी पडली हे मला अजून कळलेलं नाही.

खतावणी

काढते. पण मार्चअखेर उरकल्यावर. सध्या ऑफिसात तरतुदींवरून भांडणं चालू आहेत.